मूळ भाग

आमच्या साताऱ्याच्या घरी १९७४ सालची एक मोटार आहे. पूर्वी ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मोटारीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव त्याच वर्षी मिळाले. आबांनी मात्र तिला आयुष्यभर ‘फियाट’च म्हटले. चार सिलिंडरांचे १०८९ सीसीचे इंजिन, चाकाच्या मागे दांड्यावर बसवलेला गियर आणि पुढच्या काचेला एक तिरपा ओरखडा, असे तिचे रूप माझ्या लहानपणापासून डोळ्यांपुढे आहे. आबांची दृष्टी अधू झाली तेव्हापासून ती बारा वर्षे पडवीत झाकून उभी होती.

२०२४ मध्ये तिला पन्नास वर्षे झाली आणि माझ्या मुलीने ती पुन्हा रस्त्यावर आणण्याचा हट्ट धरला. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नियमातले ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द वाचताना सोपे वाटले. कामाला लागल्यावर मात्र प्रत्येक सुट्या भागाशी ते नव्याने समजून घ्यावे लागले.

सुट्या भागांच्या शोधात मी मेस्त्रींबरोबर कुर्ल्याला गेले. ज्या कुर्ल्यात प्रीमियरच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडत, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात त्यांचे अवयव आज सुटे होऊन पडलेले दिसतात. तेथे तीन शब्द सतत कानांवर पडतात : ओरिजिनल, लोकल आणि डुप्लिकेट. ओरिजिनल म्हणजे कंपनीचा भाग, मग तो भंगारातील गाडीचा असो किंवा खोक्यात न वापरता राहिलेला असो. लोकल म्हणजे त्याच मापाने दुसऱ्या कोणी उघडपणे केलेला नवा भाग. डुप्लिकेट म्हणजे लोकल मालावर कंपनीची छाप मारून विकलेला भाग. नक्कल आणि बनावट यांतला हा भेद मला तेथे प्रथम स्पष्ट झाला. नक्कल करणारा आपण नक्कल केल्याचे लपवीत नाही. बनावट वस्तूचा सारा व्यवहार लपवण्यावरच चालतो.

पहिला निर्णय बंपरचा होता. लोकल बंपर आरशासारखा चकाकत होता आणि स्वस्तही होता. परंतु घरी आणून लावून पाहिला तेव्हा त्याची बोल्टची भोके बोटभर सरकलेली निघाली. “ताई, हा बसवायचा तर गाडीला भोकं पाडावी लागतील,” मेस्त्री म्हणाले. नव्या भागासाठी जुनी गाडी कापायची, हे त्यांनाही रुचले नव्हते. शेवटी आमचा जुनाच बंपर ठोकून सरळ केला आणि त्यावर पुन्हा क्रोमचा मुलामा चढवला. स्टिअरिंगच्या तडा गेलेल्या कड्याला तर आम्ही हातही लावला नाही. आबांच्या तळव्यांनी ते दोन ठिकाणी गुळगुळीत झाले आहे. काचेभोवतीची रबरी पट्टी मात्र नवी घेतली, कारण भंगारात मिळालेली प्रत्येक मूळ पट्टी लाकडासारखी कडक झाली होती.

खरा पेच पडला तो ब्रेकपाशी. या गाडीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि ब्रेक ऑइलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवताना वाटेत रबरी पाइप लागतात. हे पाइप आणि व्हील सिलिंडरचे रबरी वॉशर बदलणे भाग आहे, असे मेस्त्रींनी सांगताच आबा उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पेटीत मेणकागदात गुंडाळलेले कंपनीचे पाइप आणि वॉशरचे दोन संच होते. चाळीस वर्षांपूर्वी, कारखान्याचा माल सहज मिळत नसे त्या काळात, त्यांनी ते पगारातून पैसे वाचवून घेऊन ठेवले होते.

“अस्सल माल आहे. हेच बसवा,” ते म्हणाले.

मेस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी एक पाइप हातात घेतला आणि सावकाश वाकवला. बाहेरच्या रबरावर केसांएवढ्या बारीक भेगा उमटल्या. आणखी वाकवताच त्या उघडल्या.

त्या क्षणी आबांकडे पाहणे मला अवघड गेले. त्यांनी जपलेली ती वस्तू खरोखरच अस्सल होती आणि एकदाही वापरलेली नव्हती. पण रबराचे वय खोक्यात ठेवल्याने थांबत नाही. हवेतील प्राणवायू आणि उष्णता त्याला हळूहळू कडक व ठिसूळ करतात. अस्सलपणाने त्या पाइपाचा उगम सिद्ध होत होता. घाट उतरताना तो दाब सहन करील की नाही, याचे उत्तर त्यात नव्हते. नवे म्हणजे चांगले, असेही नाही. मेस्त्रींनी लोकल वॉशरचे दोन संच परत केले. अयोग्य रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगते आणि ब्रेक चिकटून बसतात. तिसरा संच त्यांच्या पसंतीस उतरला.

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, “गाडी कोण चालवणार आहे?”

“आपली छकुली, आबा.”

“मग नवे बसवा,” ते म्हणाले आणि पेटी बंद केली.

मराठीच्या विद्यार्थ्याला हा पेच अपरिचित वाटू नये. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा मूळ कोणते आणि मागाहून शिरलेले कोणते, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. ग्रंथात जे काम शब्दाला पारखून होते, ते यंत्रात धातूला व रबराला पारखून करावे लागते. जुन्या वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेल्या व्हेनिसच्या सनदेत म्हटले आहे की, नव्याने घातलेला भाग एकूण रचनेत सुसंगत दिसावा, पण मूळ भागापासून वेगळा ओळखूही यावा. अन्यथा इतिहासाचा पुरावाच खोटा ठरतो. पुढे जुन्या मोटारींसाठीही याच धर्तीवर सनद तयार झाली आणि तिला नाव मिळाले ट्युरिनचे, म्हणजे फियाटच्याच गावाचे.

माझ्यापुरता मी यातून एक नियम केला आहे. ज्या भागावर जीव अवलंबून आहे, तो नवा आणि पारखलेला असावा. ज्या भागात आठवण साठली आहे, तो झिजलेला असला तरी मूळ राहावा. आणि जे बदलले, ते लपवू नये.

हे तिसरे कलम आबांकडूनच आले. त्यांच्या जुन्या वहीत गाडीचा प्रत्येक खर्च तारखेसह लिहिलेला आहे. शेवटची नोंद बारा वर्षांपूर्वीची, थरथरत्या अक्षरातली. त्याखाली मी माझ्या अक्षरात लिहिले : ब्रेकचे पाइप व वॉशर, नवे, लोकल. बंपर मूळ, मुलामा नवा. काचेची पट्टी नवी. आबांनी ती पाने मला वाचून दाखवायला लावली. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “पेटीतल्या पाइपांचंही लिही. नाही वापरले म्हणून.”

मी तेही लिहिले.