मेजावरचे गाव

मोडलेल्या खेळण्यातील मुलांचा रस संपतो, तेथे माझा सुरू होतो. मेजावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळासाठी भूमी घडवणे हा माझा जुना छंद. बोटाच्या पेराएवढे सैनिक, फासे आणि मोजपट्टी घेऊन इतिहासातील एखादी लढाई पुन्हा मांडायची, असा हा खेळ. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा खेळाचे नियम सांगितले. खेळण्यांतली लढाई खऱ्या लढाईपेक्षा कितीतरी बरी, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले.

सैनिक विकत मिळतात. भूमी मात्र आपल्या हातांनी घडवावी लागते. तेथे जत्रेतील स्वस्त खेळणी कामी येतात. घर निवडताना मी आधी दार पाहतो. २८ मिलिमीटर उंचीचा सैनिक त्यातून सहज आत जाईल, असे ते हवे. खेळणे साबणाने धुऊन त्याचा तेलकटपणा काढावा, नाहीतर रंग धरत नाही. मग त्याचा भडक लाल-पिवळेपणा काळपट रंगाने झाकायचा आणि तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने मातकट रंग हलकेच फिरवायचा. उंचवटे उजळतात, खाचा काळ्या राहतात आणि प्लास्टिकची भिंत शंभर पावसाळे पाहिल्यासारखी दिसू लागते. भातुकलीतील घागरीचा काठ विहिरीचे तोंड होतो. आगगाडीचे सुटलेले चाक मोटेला लागते.

सध्या माझ्या मेजावर असई आहे. जालना जिल्ह्यातील या गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी गाठ पडली. मधे केळणा नदी होती. नदीला जवळपास दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावे दिसली. गावे अशी असतील तर माणसांची ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार, हे त्याने ताडले. तर्क खरा ठरला. इंग्रज जिंकले; पण त्यांचीच दीड हजारांहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली.

ती दोन गावे मांडताना माझा हात रेंगाळतो. तो उतार सैन्यासाठी नव्हता. लेकी माहेरी, धान्य बाजाराला आणि गुरे कुरणाकडे त्याच पाण्यातून जात असतील. शेजारधर्माने मळलेली वाट त्या दिवशी तोफांना उपयोगी पडली. सेनापतींची नावे इतिहासाने नोंदली. त्या वाटेने रोज जाणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत पोहोचलेले नाही.

खेळाच्या नियमांत घर म्हणजे सैनिकाचा आडोसा, एवढेच. तरीही मी प्रत्येक घरामागे गोठा करतो, अंगणात चूल मांडतो. त्यांना खेळात एकही गुण मिळत नाही. फासा टाकण्यापूर्वी खेळणाऱ्याची नजर त्या चुलीवर क्षणभर थबकली, की माझे काम झाले.