खर्च कोणाच्या नावे?

चि. बाळ,

तुझं पत्र पोचलं. नोकरी सोडून आश्रमात जायचं म्हणतोस. आई रडते, तर त्याला ‘मोह’ म्हणून मोकळा होतोस. वाचलं आणि कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ काढलं.

नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ब्राह्मण घरातला कवी. जात, सोयरेधायरे, गावातली पत, सगळ्यावर एका दिवसात पाणी सोडलं. त्याग मोठाच. पण पत्नी लक्ष्मीबाई त्या दिवशी तिथे नव्हत्या. नवऱ्याचा देव बदलल्याचं त्यांना मागाहून कळलं, पदरात लहानगा दत्तू असताना. टिळकांनी सोडलं, बाईंचं मात्र न विचारता सुटलं.

पुढे काही वर्षं ताटातूट. नगरला नवऱ्याजवळ आल्या तरी बाईंचं सोवळं कायम: पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, आणि संसार एक! टिळकांनी बळजबरी केली नाही, हे त्यांच्या खात्यावर जमा करायलाच हवं. मग एकदा बाईंनीच स्वतःशी वाद घातला, की जात देवाने केली की माणसाने? निकाल माणसाच्या विरुद्ध लागला. त्यानंतर कोणाच्याही हातचं खायला त्या तयार झाल्या. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मला विचारशील तर सोवळं टाकणं हा त्यांचा पहिला स्वतःचा त्याग. आधीचे सगळे त्यांच्यावर येऊन पडलेले.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनचं काम आणि पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ ही ख्रिस्तभक्तांची मंडळी उभारायला घेतली. पगार नाही, तर डबे कशाने भरायचे, हा प्रश्न संन्याशाला पडत नाही. चुलीपुढच्या माणसाला पडतो.

मे १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचं ख्रिस्तावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ दहा अध्यायांवर थांबलं होतं. कधी शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी आणखी चौसष्ट अध्याय लिहून ते पुरं केलं. वर ‘स्मृतिचित्रे’त नवऱ्याच्या लहरींवर पोटभर हसून घेतलं, कडवटपणाचा ठिपका न पडू देता.

आश्रम वाईट असं मी म्हणत नाही. आईच्या औषधांचं आणि घराच्या हप्त्याचं काय ठरवलंस, ते तेवढं तुझ्या चार पानांत कुठे सापडलं नाही. रविवारी ये. पुस्तक काढून ठेवलंय.

तुझा
मामा