अडलेलें शीड

तर्कशास्त्र शिकविण्यांत ज्यांचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं त्यांनीं समुद्राच्या वाटेस जाऊं नये, असें आमच्या घरांतील एका व्यक्तीचें जुनें मत आहे. तें मत आम्हांस आजही मान्य नाहीं. पण गेल्या ऑक्टोबरांत त्याच्या पुष्ट्यर्थ एक भरभक्कम प्रमाण आम्हींच पुरविलें, हें कबूल केलें पाहिजे.

आम्हां तिघां मित्रांच्या भागीदारींत एक २२ फुटी, दुसऱ्याच्या हातून आलेली शिडाची नाव आहे. पावसाळ्याचे चार महिने ती किनाऱ्यावर ताडपत्रीखालीं निजून असते. पाऊस सरला कीं तिची डोलकाठी उभी करावयाची आणि अपोलो बंदरासमोरच्या पाण्यांत तिला नांगरावयाचें, असा क्रम आहे. तिला शिडें दोन. एक मागचें मोठें, आणि दुसरें पुढचें तिकोनी, ज्यास जिब म्हणतात. या जिबाची व्यवस्था दुकानाच्या दारावरच्या गुंडाळी-पडद्यासारखी आहे. मात्र पडदा आडवा गुंडाळतो आणि हें उभें. डोलकाठीच्या शेंड्यापासून नावेच्या पुढच्या टोकापर्यंत ताणलेल्या पोलादी तारेवर ॲल्युमिनियमची एक खांचेची नळी चढविलेली असते, व शिडाची कड त्या खांचेंत बसते. नळीच्या तळाशीं एक रीळ, वर एक भोंवरकडी. रिळावरची दोरी सुकाणूपाशीं बसून ओढली कीं नळी फिरते आणि शीड तिच्या अंगाभोंवतीं लपेटलें जातें. भोंवरकडीचें काम अधिक नाजूक. तिचा खालचा भाग शिडाबरोबर फिरावा, आणि ज्यास शीड चढविण्याची दोरी बांधलेली असते तो वरचा भाग स्थिर राहावा, अशी योजना असते. ‘राहावा’ या विध्यर्थांतच आमची सारी हकीकत सांठविलेली आहे.

त्या दिवशीं मांडव्याच्या बाजूनें आम्ही परत येत होतों. बरोबर आमचा धाकटा मुलगा, आणि नावेची देखभाल करणारे तांडेल. वयानें आमच्याहून वडील, बोलण्यांत आमच्याहून पुष्कळ काटकसरी. दुपारचा वायव्येचा वारा समोरून येत होता, तो तासाभरांत चांगलाच वाढला. लाटांचे माथे पांढरे झाले, नाव कलली, आणि कडेवरून पाणी आंत डोकावूं लागलें. अशा वेळीं पुढचें शीड आवरावें हा पहिला धडा. आम्हीं दोरी ओढली. शिडानें दोन वेढे घेतले, आणि तें थांबलें. सैल सोडून पुन्हां ओढलें. पुन्हां दोनच वेढे. अर्धवट उघडें राहिलेलें तें कापड बंदुकीच्या बारांसारखें फडफडूं लागलें, आणि गेटवेहून सुटलेली एक प्रवासी लाँच आमच्याच रोखानें येत होती.

आपत्तींत मनुष्य प्रथम कारण शोधीत नाहीं, अपराधी शोधतो. “तांडेल, रिळांत वंगण घातलें नव्हतें ना?” आम्हीं विचारलें.

“गोड्या पाण्यानं धुतलंय, सर. त्याला वंगण लागत नाही.”

यावर, वर्गांत उशीरा येणाऱ्या विद्यार्थ्यास ज्या स्वरांत बोलतात त्या स्वरांत, आम्हीं ‘निष्काळजीपणा’ हा शब्द उच्चारला. मुलानें तो ऐकला. तांडेलांनींही ऐकला, ते कांहीं बोलले नाहींत. आम्हीं दोरीचे वेढे विंचीवर घेतले आणि दांडा फिरविण्यास हात घातला, तोंच त्यांनीं आमचें मनगट धरलें.

“जोर नको. वर बघा.”

वर पाहिलें. शेंड्यापाशीं शीड चढविण्याची दोरीच नळीभोंवतीं पगडीच्या पिळासारखी आवळून बसली होती. विंचीनें माणसाचें बळ अनेक पटींनीं वाढतें. तें बळ अशा गाठीवर लावलें तर नळी पिळवटते, आंतल्या तारेचे पदर तुटतात. आणि तार तुटली म्हणजे डोलकाठी मागें, माणसें बसतात त्या बाजूस, कोसळूं शकते. त्या बाजूस त्या क्षणीं मुलगा बसला होता.

पुढचें सगळें तांडेलांनीं केलें. नाव फिरवून करंज्याच्या दिशेनें वाऱ्याकडे पाठ केली. मोठ्या शिडाच्या आडोशास जिब लुळें पडलें. मग तें पूर्ण उलगडून वरचा पीळ उलटा सोडविला, दोरी ढिली केली, शीड खालीं घेतलें आणि गुंडाळून बांधलें. मोठें शीड आणि लहानसें इंजिन यांच्या बळावर आम्ही अंधार पडतां पडतां घरास लागलों.

दुसऱ्या दिवशीं नांगरलेल्या नावेवर चौकशी बसली. अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द आम्हीं जन्मभर फळ्यावर लिहिले आहेत. मिल्लच्या १८४३ सालच्या ग्रंथांतील भेदपद्धति आम्हीं किती पिढ्यांस घोकविली असेल कोण जाणे. तांडेलांनीं शिडावांचून रिकामी नळी दोन बोटांनीं फिरविली: सरळ फिरली. म्हणजे रीळ निर्दोष. खालीं उतरलेली भोंवरकडी फिरविली: तीही फिरली. मग उरली ती केवळ दोरी. ती जर ताणलेल्या तारेपासून आठ-दहा अंश मागें झुकलेली असेल तर नळीच्या फिरण्यांत सांपडत नाहीं; तारेस बिलगून समांतर उतरली कीं सांपडलीच.

“शिडाच्या डोक्याला तारेचा तुकडा होता,” तांडेल म्हणाले. “तो बदललात ना?”

आम्ही गप्प झालों. सप्टेंबरांत शीड शिवून आलें तेव्हां त्याच्या माथ्यावर हात-दीड हात लांबीचा, दोन्ही टोकांस कडीं असलेला एक तुकडा लोंबत होता. आमच्या अनुमानें तो निरुपयोगी. आम्हीं तो काढून टाकला. शीड नळीहून आंखूड, म्हणून भोंवरकडी पुरेशी वर पोंचावी यासाठींच तो तेथें होता. तो गेला, भोंवरकडी तेवढी खालीं राहिली, आणि दोरीचा झुकाव मोडला. त्या सकाळीं शीड चढविलें आम्हींच; तांडेल त्या वेळीं पुढें नांगराच्या दोरींत गुंतले होते. मंद वाऱ्यांत तें उघडेंच घेऊन निघालों. एकदां गुंडाळून पाहण्याची तसदी घेतली नाहीं.

तांडेलांनीं आपला पत्र्याचा डबा उघडला. विड्यांच्या बंडलाखालून तोच तुकडा निघाला. चांगल्या जातीची तार, कधीं तरी उपयोगीं पडेल, म्हणून त्यांनीं ती कचऱ्यांतून उचलली होती. तिच्या जागीं आम्हीं नवी घातली असेल, असा त्यांचा समज. ती बसविली. शीड चढविलें, गुंडाळलें, उलगडलें. दहा वेळां केलें, दहाही वेळां तें निमूटपणें फिरलें.

पुढच्या रविवारीं मुलास मुद्दाम बरोबर नेलें आणि त्याच्यासमोर तांडेलांस म्हटलें, “चूक माझी होती.” आमचें नेहमींचें अनेकवचन तेथें चालण्याजोगें नव्हतें.

तांडेलांनीं रिळाकडे पाहिलें. “शीड उघडतांना दोरी हातानं जरा ताणून धरा, सर,” ते म्हणाले. “सैल सोडली तर रिळावर वेढ्याखाली वेढा जातो. मग तिथंही अडकेल.”