दोरी ओढल्यावर

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ साली बंद पडला, तेव्हा त्याची ख्याती फारशी चांगली नव्हती. पाचातला एक कामगार गैरहजर असायचा. सूड म्हणून कुणी गाडीच्या दारात बाटली टाकून पत्रा बंद करायचं. मग घेणारा बसे खडखडाट शोधत. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे तिथला नियम: काहीही होवो, लाइन थांबता कामा नये. चुकीची जोडलेली गाडीही पुढे सरकायची. निस्तरायचं ते नंतर, बाहेर यार्डात.

१९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सनं तोच कारखाना ‘नुमी’ या नावानं भागीदारीत उघडला. कारभार टोयोटाचा, युनियन मात्र जुनीच आणि बहुतेक कामगारही जुनेच. थोड्याच काळात गैरहजेरी शेकडा दोनच्या आसपास आली.

माणसं तीच होती, हे महत्त्वाचं. ‘आपल्याकडे चांगली माणसंच मिळत नाहीत’ असं ऐकवणाऱ्या मालकांची इथे पंचाईत होते.

कामगारांच्या तुकड्या जपानला टोयोटाच्या कारखान्यात शिकायला गेल्या. तिथे त्यांना दिसली एक दोरी. अडलं की ओढायची. दिवा लागतो, सूर वाजतो, टीम लीडर धावत येतो. लाइन लगेच थांबत नाही. गाडी त्या जागेची हद्द ओलांडेपर्यंत अडचण सुटली नाही, तरच थांबते. ज्यानं कधी शिफ्ट सांभाळली आहे, त्याला यातली मेख चटकन कळेल. दोरी बांधायला खर्च तो काय? अवघड आहे ते धावत आलेल्या माणसाचं पहिलं वाक्य. ‘कुणी थांबवली?’ असं तो एकदा जरी खेकसला, तरी त्या शिफ्टला पुन्हा कुणी दोरीला हात लावणार नाही, मग भिंतीवर गुणवत्ता धोरणाची कितीही मोठी फ्रेम टांगा.

अर्थात नुमीत ही दोरी नुसत्या गोड बोलण्यावर चालली नाही. चार-सहा जणांमागे एक टीम लीडर ठेवला होता, म्हणून हाकेला माणूस मिळायचा. साहेबांचं कॅन्टीन वेगळं नव्हतं, पार्किंगच्या राखीव जागाही गेल्या. कामगारकपात करण्याआधी व्यवस्थापनाचे पगार कापू, असं करारातच लिहिलं होतं. १९८८ च्या सुमाराला विक्री घसरली, तेव्हा रिकाम्या हातांना घरी न धाडता प्रशिक्षणाला बसवलं. ही पगारी बसकण हिशेबनिसाला खुपली असेल. पण पुढे दोरी ओढणाऱ्याला धीर आला तो त्याच खर्चातून.

जनरल मोटर्सनं मग हीच पद्धत लॉस एंजेलिसमधल्या व्हॅन नाइसच्या कारखान्यात नेली. दोरी नेली, पण व्यवस्थापकांचा बोनस किती गाड्या बाहेर पडल्या यावरच राहिला. अशा ठिकाणी लाइन थांबली की सुपरवायझरचा जीव वर-खाली होणारच. युनियनमध्येही दोन तट पडले. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला.

नुमी पुढे २०१० पर्यंत चालली. दिवाळखोरीत गेलेली जनरल मोटर्स आदल्याच वर्षी बाहेर पडली होती. टोयोटानंही मग हात आखडता घेतला आणि सुमारे ४,७०० जणांचं काम गेलं. पंचवीस वर्षं शब्द पाळणाऱ्या कंपनीनंच शेवटी कुलूप लावलं. टोयोटाचे गोडवे गाणारी व्यवस्थापनाची पुस्तकं या पानावर जरा घाई करतात.