लिनक्स टाकताना ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर कोणता निवडाल?



14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून शाळेतले, घरातले धडधाकट संगणकही 'भंगारात द्या' असं ऐकायला मिळतं. जरा थांबा! त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू मोफत टाकता येतं. पण टाकताना कधी कधी स्क्रीन काळी पडते आणि माणूस तिथेच हात टेकतो. अशा वेळी आधी शंका घ्यावी ती ग्राफिक्स ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि लिनक्सचा गाभा (कर्नल) यांच्यातला दुभाषा. इंटेल आणि एएमडीचे मुक्त ड्रायव्हर लिनक्ससोबतच येतात. सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. प्रश्न येतो एनव्हिडियाचा. तिथे दोन पर्याय असतात: स्वयंसेवकांनी सुरू केलेला मुक्त 'नूव्हो' आणि कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर.

मग कंपनीचाच चांगला, नाही का? नेहमीच नाही. आपल्या मनमाडचंच उदाहरण घ्या. पूर्वी मुंबईची लाईन ब्रॉडगेज आणि औरंगाबादची मीटरगेज. इथे उतरून गाडी बदलावी लागायची. 1990 च्या दशकात तीही ब्रॉडगेज झाली. रुळाचं माप बदललं की जुन्या चाकांची गाडी चालत नाही. इथेही तसंच. कर्नल नवा आला की ड्रायव्हर त्याच्या मापाचा लागतो. जीटी 210 या जुन्या कार्डासाठी कंपनी 340 मालिकेवरच थांबली, जीटी 710 साठी 470 वर. अशा कार्डांना नूव्होच बरा. टायपिंग, व्हिडिओ, सादरीकरण एवढं काम त्यावर भागतं. नवीन कार्ड असेल आणि थ्रीडी किंवा व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल, तर कंपनीचा ड्रायव्हर घ्या.

क्रम असा ठेवा:

1. आधी पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवून बघा. हार्डडिस्कला हात लागत नाही.
2. स्क्रीन काळी पडली तर सुरुवातीच्या मेनूत मिंटमध्ये 'कंपॅटिबिलिटी मोड', उबुंटूमध्ये 'सेफ ग्राफिक्स' निवडा.
3. 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये कार्डाचं नाव बघून वहीत लिहा.
4. इन्स्टॉल झाल्यावर मिंटच्या 'टाइमशिफ्ट'ने सिस्टिमची प्रत घ्या.
5. मगच 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. 'रेकमेंडेड' लिहिलेलाच ड्रायव्हर निवडा. कुठल्याही वेबसाइटवरून उतरवून टाकू नका.

पालकहो, दुकानात कोणी 'कार्ड बदला' म्हणालं तर आधी एवढं करून बघा. आणि शिक्षकहो, तिसरी पायरी मुलांकडूनच करून घ्या. लॅबमधल्या प्रत्येक संगणकाचं कार्ड आणि त्याला चाललेला ड्रायव्हर यांचा तक्ता भिंतीवर लावा. पुढच्या वर्षी तोच उपयोगी पडेल, आणि यंत्र फेकण्याआधी ते समजून घ्यायचं असतं हेही मुलं शिकतील.