तक्त्यावरलं अंडं

अडाणी माणूस अडाणीपणानं उपाशी मरतो, हा पोट भरलेल्यांचा आवडता सिद्धांत. जव्हार-मोखाड्याकडं पोर दगावलं की पहिलं बोट आईकडं. तिला आहार कळत नाही म्हणे. मग शिकवा तिला. टांगा तक्ता. दूध, अंडं, केळं, सफरचंद. सफरचंद!

मी भिवंडीत गिरणीत मागावर असतो. आसपास वीटभट्ट्या. दिवाळी झाली की कातकरी बिऱ्हाडं तिथं उतरतात. उचल आधीच खाऊन झालेली, आठवड्याला हातात नुसती खर्ची. गेल्या साली एका भट्टीवर असाच तक्ता आला. शिकवणारी बाई मनापासून बोलत होती, तिच्यावर राग नाही माझा. सगळं ऐकून एक म्हातारी म्हणाली, "बाय, समदा कळला. अंडा देनार कोन?"

आता त्या म्हातारीला काय येतं ते ऐका. कडूकंद विषारी. त्याच्या चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, टोपलीत भरून रातभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या. मगच तोंडात घालायच्या. शेवळं घसा खाजवतात, म्हणून त्यात काकडं टाकायची. हे कुणी तक्त्यावरून शिकवलं? नाचणीच्या शंभर ग्रॅमात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, पांढऱ्या तांदळात दहाही नाही. तक्त्यावर नाचणी नव्हती. चिंबोरी नव्हती. शेतातला उंदीर काढला असता तर तक्ताच बाटला असता. (आमच्या आज्या चाण्या वाळवायच्या, त्याही कुठल्या तक्त्यावर पाहिल्या नाहीत मी.)

खैराचा कात काढतो तो कातकरी. १८७८ च्या जंगल कायद्यानं जंगलावर सरकारची मालकी बसवली, पुढं खैर तोडणं गुन्हा झालं. १८९२ साली इंग्रजांनी ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध घातले, कारण दारू. दुष्काळात तीच फुलं उकडून खात होते लोक. अन्न काढून घ्यायचं आणि मग अन्नाचं ज्ञान द्यायला यायचं, ही कुठली रीत?

१९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं मेली तेव्हा मंत्र्यांच्या गाड्या धावल्या. अंगणवाडी तर १९७५ पासूनची. २०१५ ला अमृत आहार आला: आदिवासी भागात गरोदर बाईला एक वेळचं गरम जेवण. याला मी बरं म्हणतो. तक्ता नाही, ताट आहे. पण ताट पाड्यावर आणि बाई भट्टीवर! सात महिने ती चिखल तुडवते, तिचं नाव पाड्यावरल्या वहीत. २०१३ च्या कायद्यानं रेशन माणशी पाच किलो, अंत्योदयला घरटी पस्तीस. आता ते दुसऱ्या गावातही उचलता येतं म्हणतात. येतं की! फक्त मशीनवर अंगठा लावायचा. विटा थापून थापून त्याच्या रेघा गेल्या, मशीन म्हणतं माणूस जुळत नाही.

भट्टीवर अंगणवाडी चालवायला काय लागतं? एक छप्पर, एक चूल, डाळ, अंडी, आणि तिथंच नावं लिहून घेणारी वही. रातपाळी सुटल्यावर मी पोरं मोजली. एका भट्टीवर अठरा होती, पाच वर्षांच्या आतली.