विहिरीत माणसं उतरली होती

क्रॉयडन,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय अनघा,

तुझा फोन आल्यापासून पुण्याच्या सिंहगड रस्ता भागातल्या जीबीएसच्या साथीच्या बातम्या रोज वाचते आहे. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हा काही पाण्यातून थेट पसरणारा आजार नव्हे, पोटाच्या संसर्गानंतर एखाद्याला तो गाठतो. पण तिथल्या नांदेड गावच्या विहिरीचं पाणी नुसतं क्लोरीन टाकून दिलं जात होतं हे वाचलं, आणि आमच्या क्रॉयडनची १९३७ची टायफॉईडची साथ डोळ्यांपुढे आली. तू पाणीपुरवठा खात्यात आहेस, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या वर्षी ॲडिंग्टनच्या विहिरीची दुरुस्ती चालली होती. खडूच्या खडकात खोल गेलेली ही विहीर. मजूर आत उतरत होते, आणि काम चालू असतानाही तिचं पाणी नळांना जात होतं. पाणी गाळणं आणि क्लोरीन घालणं, दोन्ही थांबवलेलं. त्या मजुरांपैकी एकाला पहिल्या महायुद्धात टायफॉईड होऊन गेला होता. तो बरा झाला, जंतू मात्र शरीरात राहिले, आणि बहुधा त्याच्याकडूनच नकळत पाण्यात गेले. त्याला मी दोष देऊच शकत नाही.

ऑक्टोबरअखेर घराघरांत ताप सुरू झाला. आरोग्य अधिकारी डॉ. ऑस्कर होल्डन साथीचं मूळ शोधू लागले. विहिरीत माणसं उतरली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं! इंजिनिअरचं खातं आणि त्यांचं खातं, दोन्ही एकाच महापालिकेची. टायफॉईड अंगात आठवडा-दोन आठवडे दबून राहतो. पहिला रुग्ण कळेपर्यंत ते पाणी शेकडो स्वयंपाकघरांत पोचलेलं असतं, मग चौकशीत गेलेला एकेक दिवस फार महाग पडतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला विहीर बंद झाली. एकूण तीनशेहून जास्त माणसं आजाराच्या तडाख्यात सापडली. त्यांतली ४३ गेली. टायफॉईडवरचं प्रतिजैविक यायला अजून दहाएक वर्षं होती.

पुढे मर्फी यांनी साथीची सरकारी चौकशी केली. १९३८ साली रीड नावाच्या करदात्या बापाने आजारी मुलीसाठी महापालिकेला कोर्टात खेचलं आणि तो जिंकला. मला त्या बापाबद्दल फार आदर वाटतो. त्याने दावा लावला नसता, तर ती चूक अहवालातच पडून राहिली असती.

साथ आली की सरकार पथकं पाठवतं, नमुने तपासतं, पाणी उकळायला सांगतं. ते हवंच. पण ज्या खात्याच्या हातून काही राहून गेलं असेल, त्याने पहिल्याच दिवशी आपणहून बोललं पाहिजे. अब्रू जाईल या भीतीने गप्प बसणं मला अक्षम्य वाटतं. १९३७ला तर लपवायचंही काही नव्हतं, फक्त कळवायचं होतं.

तुझ्या नगरपरिषदेत जलवाहिनी फुटली किंवा क्लोरीनचा पंप बंद पडला, तर आरोग्य विभागाला कोण कळवतं? लेखी की तोंडी? रात्री घडलं तर कुणाला उठवतात? सोमवारी ऑफिसात विचार आणि मला नाव-हुद्द्यासकट लिही. असं कुणी नेमलेलं नसेल, तर मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या पत्राचा मसुदा आपण दोघी मिळून करू.

तुझी,
आत्या